एक्का-दुर्री कितव्या नंबरावर?

भाईंदर (पूर्व)
रविवार, १८ जानेवारी

प्रिय ताई,

जय भीम. आधी हे वाच, की पत्र वाईट बातमीचं नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील तर आता घाबरू नकोस. तुझ्या खोलीचा हा पत्ता मला बी विंगमधल्या तुझ्या मैत्रिणीने, रसिकाने दिला. तिच्यावर रागावू नकोस. तू तिला नवा फोन नंबर कोणाला देऊ नको म्हणाली होतीस, तो मी कितीही मागितला तरी तिने दिला नाही. पत्र टाकू नको असं मात्र तू कुठे म्हणाली नव्हतीस, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं.

मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे आणि आपल्या ओळखीत ती फक्त तुलाच येते. होल्डेम पोकरमध्ये पहिली जी दोन पानं हातात येतात, त्यांत सगळ्यात जबर कोणती, मग कोणती, असा क्रम लावून दे. पहिले दहा दिलेस तरी चालेल. तुम्ही गोव्याला कॅसिनोच्या बोटीवर रोज हीच पानं वाटता, तुला झोपेतही सांगता येईल.

कशासाठी, ते सांगतो. आपल्या सोसायटीचा वॉचमन गावाला गेला तो आलाच नाही. पहाटे पाणी येतं तेव्हा पंप कोणी चालू करायचा यावरून जिन्यात भांडणं व्हायला लागली. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या साहिलने तोडगा काढला. (साहिल तू गेल्यावर राहायला आला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.) रविवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात पाच-सहा जणांनी पोकर खेळायचं, पैसे नाहीत, बाटल्यांची झाकणं लावायची. ज्याची झाकणं आधी संपतील त्याच्याकडे आठवडाभर पंप. ताई, खेळ सुरू झाल्यापासून पंप माझ्याकडेच आहे.

मला समजलंय ते असं, चुकत असेल तर दुरुस्त कर. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली. मध्ये पाच पानं सगळ्यांची मिळून उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक. आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, तो जिंकला. आणि आपली दोन पानं बघून आवडली नाहीत तर सुरुवातीलाच टाकून देता येतात. इथपर्यंत बरोबर आहे ना?

पण मी आयुष्यभर तीन पत्ती खेळलेला माणूस. पहिल्याच रविवारी साहिल म्हणाला, "प्रितमभाई, तुम्हारा ब्लाइंड." मी ऐटीत, तीन पत्तीसारखी, पानं न बघता उलटी ठेवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहिल म्हणाला, "अरे झाकन डालना है भाई, आँख बंद नहीं करनी है." मग एकदा मला पंजीपासून नव्वीपर्यंत सलग पाच लागली. मी झाकणं ओढायला हात घातला, तर समोरच्याकडे पाच बदाम. "कलर बड़ा है." मी म्हटलं, रन मोठा. "वो तीन पत्ती में." आणि आज एक्का-दुर्री आली. मी खुर्चीतून उठलोच. एक्का-दुर्री! तिर्री आली की झालं! होती नव्हती तेवढी झाकणं पुढे सरकवली आणि दहा मिनिटांत पंपाच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात.

माझ्या समजुतीने क्रम असा आहे: एक्का-एक्का, राजा-राजा, एक्का-राजा, एक्का-दुर्री, राणी-राणी, गुलाम-गुलाम, राजा-राणी, दश्शी-दश्शी, एक्का-राणी, नव्वी-नव्वी. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोबत ठेवला आहे. त्यावरच खुणा करून पाठवलास तरी चालेल. माझं नाव-पत्ता घालून तिकीट लावलेलं पाकीटही आत आहे.

आता दुसरं. हे लिहू की नको असं करत मी उठून पाणी पिऊन आलो.

मम्मीचा उजवा गुडघा पार गेला आहे. जिना ती एक-एक पायरी आडवी उतरते, कठडा धरून. ऑपरेशनची तारीख मिळाली, २७ फेब्रुवारी. आणि मम्मीने जाहीर केलं आहे, की मानसी घरी येणार असेल तरच मी टेबलावर जाईन, आणि तिला यांनी स्वतःच्या तोंडाने बोलवायचं. पप्पा म्हणाले, "मग राहा तशीच." ती म्हणाली, "राहते." त्याला आता महिना झाला. पप्पांना वाटतं दुखलं की आपोआप जाईल. मला तसं वाटत नाही.

मी तुला ये म्हणत नाहीये. तू पाठवलेली साडी पप्पांनी परत पाठवली, फोनवर "पत्त्यांच्या धंद्यातलं काही या घरात नको" म्हणाले, ते मी ऐकलं आहे. मला फक्त क्रम हवा आहे.

तुझा,
प्रितम


बुधवार, २८ जानेवारी

ताई!

पाकीट आलं! दुकानातून जेवायला आलो तर पत्रपेटीत होतं. तिथेच जिन्यात फोडलं. लाल शाई! एक अक्षर लिहिलेलं नाहीस. नाही, एक शब्द लिहिला आहेस, त्याकडे येतो.

एक्का-एक्का, राजा-राजा, दोघांना बरोबरच्या खुणा. मला शाळेतसुद्धा सलग दोन मिळाल्याचं आठवत नाही. राणी-राणीला बाण काढून तिसऱ्या नंबरावर आणलंस. एक्का-राजा चौथा, आणि बाजूला दोन बदाम काढलेस, म्हणजे दोन्ही एकाच कलरचे असतील तर. पाचवा गुलाम-गुलाम. मग दश्शी-दश्शी, मग एकाच कलरची एक्का-राणी, मग वेगवेगळ्या कलरचे एक्का-राजा. म्हणजे तीच दोन पानं, पण कलर जुळला तर चौथी आणि नाही जुळला तर आठवी! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि एक्का-दुर्री. तिच्यावर दोन रेघा मारून तू एक बाण काढलास. तो कागदाच्या खालच्या कडेला गेला. मी कागद उलटला. बाण मागच्या बाजूने चालूच होता, अगदी तळापर्यंत, आणि तिथे लिहिलं होतंस, "इथे."

मी जिन्यात बसून एवढा हसलो की वरच्या गुजराती काकूंनी विचारलं, "शुं थयुं?"

माझा एकही शब्द शुद्धलेखनासाठी दुरुस्त केला नाहीस, त्याबद्दल आभार. मी बारावी नापास असलो तरी भाईंदरमधले वाढदिवसाचे निम्मे फ्लेक्स आमच्या दुकानात माझ्या नजरेखालून छापले जातात. मालक म्हणतात, "तू नसतास तर आपण सगळ्या नगरसेवकांना 'हार्दीक' शुभेच्छा दिल्या असत्या."

तुझा कागद मी फ्रिजवर लावला आहे, चुंबकाखाली. मुद्दाम नाही. म्हणजे थोडंसं मुद्दाम.

प्रितम


रविवार, १ फेब्रुवारी

ताई, दोन बातम्या आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत. लहान आधी.

जिंकलो. पंप साहिलकडे गेला! तुझा क्रम डोक्यात ठेवून बसलो. सत्ती-दुर्री आली, टाकली. राजा-चौकी आली, जीव तुटला पण टाकली. एक्का-दुर्री आली. ताई, मी तिच्याकडे बघितलं आणि टाकली. साहिल म्हणाला, "आज प्रितमभाई पोथी पढ़ने आया है क्या? बस बैठा है." मग राणी-राणी आली. मी एवढ्या घाईने झाकणं मोजायला लागलो की सगळ्यांनी पानं टाकली आणि मला फारसं काही मिळालंच नाही. पण पुढे एकाच कलरचे एक्का-राजा आले, दोन्ही इस्पिक, तेव्हा मी मांडीखाली हात दाबून बसलो. तो डाव साहिलची सगळी झाकणं घेऊन गेला.

आता मोठी.

काल पप्पा कारखान्यातून आले, फ्रिजमधून बाटली काढली आणि दार बंद करून तिथेच थांबले. मी दिवाणावर, मम्मी खुर्चीत बसून ओट्याशी पोळ्या लाटत होती. पप्पा कागद वाचत होते. ताई, त्यांना तुझा हात ओळखता येत नाही असं होईल का? तुझ्या पाटीवर पहिला 'म' त्यांनीच गिरवून घेतला होता. त्यांनी कागद उलटला.

"हे कोणाचं डोकं?" पप्पा म्हणाले.

"कशाचं?"

"एक्का-दुर्री मागच्या पानावर? मायला, एक्का-दुर्री-तिर्री म्हणजे दोन नंबरचा रन. आख्खी कंपनी मानते."

"पप्पा, ते तीन पत्तीत. हा पाच पानांचा खेळ आहे. यात एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात लहान रन."

"एक्का असून लहान?"

"हो. आणि यात कलर रनच्याही वर."

"कलर रनच्या वर? हे कसं? कलर तर शेंबडं पोरगंपण लावतं. काय कारण? विचार तिला."

मम्मीचं लाटणं थांबलं.

ताई, त्यांनी "विचार तिला" म्हटलं. मी स्वतः ऐकलं, मम्मीने ऐकलं. त्यांनाही ऐकू गेलं असावं, कारण लगेच म्हणाले, "म्हणजे ज्याने कोणी लिहिलं असेल त्याला विचार." आणि बाटली न उघडता परत आत ठेवली.

आज खेळून आल्यावर मी हे पत्र लिहायला बसलो तर पेपर वाचायच्या निमित्ताने माझ्या मागे येऊन उभे. म्हणाले, "नाव-बिव घालू नको. असं लिही." तर पुढचं त्यांच्या शब्दांत लिहितो:

"एका गृहस्थांचे म्हणणे असे की रन मोठा असतो. पिढ्यानपिढ्या मोठा आहे. तो कलरच्या खाली गेला याचे कारण कळावे. दुसरे, जोडी ती जोडी. मग दुर्रीची जोडी पहिल्या दहात का नाही? एक्का-राजा तर जोडीसुद्धा नव्हे. तो चौथा कसा? हे गृहस्थांना मान्य नाही."

मी म्हटलं, पप्पा, 'मान्य नाही'च्या पुढे काही? ते म्हणाले, "एवढं पुरे. उत्तर येऊ दे."

तुला आठवतं का ताई, लाइट गेली की ते आपल्याला मेणबत्तीपुढे बसवून चिंचोक्यांवर तीन पत्ती खेळायचे? पानं पिसायला तुला त्यांनीच शिकवलं. तुझे हात लहान, पानं सांडायची, ते गोळा करून परत द्यायचे. विहाराच्या कमिटीत गेल्यावर पत्ते बंद झाले. मला वाटतं तुझ्या कामाचा राग येतो तेव्हा त्यांना ते मेणबत्तीचे दिवसही दिसत असतील. त्यांनी असं म्हटलेलं नाही. मी म्हणतोय.

उत्तर लवकर पाठव. मम्मी रोज पत्रपेटी बघायला सांगते.

प्रितम


सोमवार, ९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र शनिवारी आलं. पूर्ण पत्र, वाक्यं असलेलं! पप्पांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं:

"त्या गृहस्थांना सांगावे, की तीन पानांत रन लागणं कठीण, म्हणून तिथे तो मोठा. पाच पानांत कलर लागणं जास्त कठीण, म्हणून इथे कलर मोठा. पान तेच, पण किती जणांत बसलं त्यावर त्याची किंमत. दुर्रीच्या जोडीचंही तसंच. समोर एकटाच असला तर ती एक्का-राजाच्या किंचित वरचढ, पण मध्ये पाच पानं उघडून भोवती पाच-सहा माणसं बसली की तिला कोणी विचारत नाही. गृहस्थांची तब्येत कशी आहे?"

शेवटचं वाक्य त्यांनी मनात वाचलं. मग कागद माझ्याकडे देऊन म्हणाले, "बरी आहे म्हणावं." आणि पाचच मिनिटांनी, "पाच पानांत कलर कठीण. बरोबर आहे. एका छापाची तेराच पानं की. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं." ताई, ते एवढे खूश होते की त्यांनी आमच्यासाठी स्वतः चहा टाकला. मग क्रम पाठ करायला बसले. दाढी करताना म्हणतात, "एक्का-एक्का, राजा-राजा, राणी-राणी." मम्मी म्हणाली, "त्रिसरणानंतर एवढं पाठ काही केलं नव्हतं यांनी."

काल रविवारी ते 'फक्त बघायला' ऑफिसात आले. माझ्या खुर्चीमागे उभे. मी राजा-नव्वी खेळायला गेलो तर मागून खाकरले. साहिल म्हणाला, "काका, ये चीटिंग है." पप्पा म्हणाले, "मी फक्त खोकलो बाबा. भाईंदरची हवा बघ कशी आहे." सगळे हसले. मीही हसलो, आणि तिथेच माझं चुकलं.

वर येताना जिन्यात मला वाटलं हीच वेळ. मी म्हणालो, "पप्पा, ताई खेळत नाही. ती फक्त पानं वाटते. खेळणारा वेगळा, वाटणारा वेगळा."

ते थांबले. म्हणाले, "दारू पिणारा वेगळा, दारू विकणारा वेगळा. मग विकणाऱ्याला विहारात पहिल्या रांगेत बसवू?"

मी वरच्या पायरीवरून मागे वळलो.

"इथे झाकणं आहेत," ते म्हणाले, "तिथे घरं आहेत. लोक घर लावून उठतात. आणि ती त्यांना हसून पानं वाटते. खेळ मला आवडला म्हणून ते मला पटलं असं धरू नको." वर येऊन त्यांनी फ्रिजवरचा कागद काढला. फाडला नाही, घडी करून माझ्या हातात दिला.

आज हॉस्पिटलमधून फोन होता. पुढच्या सोमवारपर्यंत नक्की कळवा, रक्त तपासून घ्या, नाहीतर तारीख दुसऱ्याला देऊ. पुढची एप्रिलमध्ये. मी मम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतोस, त्यांना सांग." पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतोस, गुडघा तिचा आहे." सकाळी मम्मी कपडे वाळत घालताना दोरी धरून तशीच उभी राहिली, पाय उचलेना. मी गेलो तर म्हणाली, "काही नाही, हवा खातेय."

मला भीती वाटतेय. तुला त्रास द्यायला लिहीत नाही, पण दुसऱ्या कोणाला लिहू?

प्रितम


रविवार, १५ फेब्रुवारी, दुपार

ताई, ताई,

अक्षर वाईट येईल, माफ कर. घाईत लिहितोय. आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं आहे, एक शब्द इकडचा तिकडे व्हायच्या आत.

जेवणं झाली होती. मी खाली खेळायला निघालो तर मम्मी म्हणाली, "थांब. पानं आण इथे." मी म्हटलं, कशाला? ती पप्पांना म्हणाली, "अहो, आठवडाभर दाढी करताना काय काय म्हणत होतात. आता माझ्याशी एक डाव खेळा."

पप्पा म्हणाले, "घरात जुगार?"

"पैसे कुठे लावतेय? गुडघा लावते."

"काय?"

"एकच डाव. तुम्ही जिंकलात तर उद्या सकाळी मी मुकाट्याने रक्त द्यायला जाते, पुन्हा लेकीचं नाव काढणार नाही. मी जिंकले तर आज तुम्ही तिला फोन करायचा. स्वतः."

पप्पा म्हणाले, "तुला खेळ येत नाही."

"तुम्हाला येतो ना? मग घाबरता कशाला?"

ताई, मी म्हटलं हे करू नका, दोघांनाही म्हटलं. मम्मीला क्रम माहीत नाही, तिला एक्का सोडून काही कळत नाही. पप्पा सगळं पाठ करून बसलेले. हा डाव होऊच नये असं मला वाटत होतं. पण पप्पा हात पुसत टेबलाशी येऊन बसले, आणि मम्मीने पाय स्टुलावर ठेवला, त्यावर शेकायची पिशवी, आणि म्हणाली, "वाट."

मी पिसली. दोन त्यांना, दोन तिला. तिने पानं छातीशी धरून बघितली, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "आहे बाई काहीतरी!"

पप्पांनी पानं टेबलावरच ठेवून फक्त कोपरे उचलले, साहिल उचलतो तसे. एक बघितलं. दुसरं बघितलं. चेहरा जसाच्या तसा. मग त्यांनी वर बघितलं, मम्मीकडे. ती पिशवी सरळ करत होती, ओठ दाबून, कारण पाय हलला की कळ येते. ते बराच वेळ तिकडेच बघत होते. मी विचारलं, "मधली पानं उघडू?"

"थांब," पप्पा म्हणाले. "सरोजा, नक्की खेळायचं?"

"उघडायला सांगा त्याला."

त्यांनी आपली दोन्ही पानं पालथीच माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "काही नाही माझ्याकडे. टाकली."

मम्मी म्हणाली, "म्हणजे मी जिंकले?"

"जिंकलीस."

"बघा! मला माहीतच होतं!" आणि तिने आपली पानं उघडून टेबलावर आपटली. नव्वी आणि चौकी. एक चौकट, एक किलवर. ताई, तुझ्या कागदाच्या मागच्या बाजूलाही तिला जागा मिळाली नसती.

मम्मी हसत होती, डोळे पुसत होती. पप्पा उठून माठाकडे गेले. मी पानं गोळा केली. टाकलेली पानं बघायची नसतात, हे मला माहीत आहे, तुझ्या बोटीवर तर त्यासाठी नोकरी जात असेल. पण मी बघितली.

राजा आणि राजा. बदामाचा आणि इस्पिकचा.

पहिल्यांदा वाटलं मी चुकीची पानं उचलली. परत बघितलं. ताई, राजा-राजा! तुझ्या क्रमात दुसरं. समोर एकच माणूस असेल तर शंभरातले ऐंशीच्या वर डाव यांचे, हे त्यांनीच मला परवा समजावून सांगितलं होतं. दुर्मीळ म्हणजे किती दुर्मीळ. मी आजवर एवढे रविवार खेळलो, मला एकदाही आलेली नाहीत. माणूस अशा पानांची वाट बघत बसतो. आणि त्यांनी ती पालथी सरकवली, मधलं एक पान उघडायच्या आधी.

मान वर केली तर पप्पा पेला हातात धरून माझ्याकडेच बघत होते. मी बघितलं ते त्यांनी बघितलं.

"पीस पानं," ते म्हणाले. "बघत काय बसलास."

मी पिसली. मम्मीला काही कळलेलं नाही. ती अजून नव्वी-चौकीचं कौतुक करतेय, वरच्या काकूंना फोन लावून सांगून झालं. तिला कधी सांगायचं नाही. तुलाही मी फोनवर सांगू शकलो नसतो, ते ऐकतील म्हणून, आणि ते स्वतः तर मेले तरी सांगणार नाहीत. म्हणून हे पत्र. फोन आधी येईल आणि पत्र मागून, पण पत्र नीट वाच.

त्यानंतर ते चप्पल घालून खाली गेले, बी विंगला, रसिकाच्या घरी. मी मागून गेलो. दारात उभे राहून म्हणाले, "बेटा, मानसीचा नंबर पाहिजे." रसिका म्हणाली, "काका, तिला विचारल्याशिवाय नाही देणार." मला वाटलं आता ओरडतात. ते म्हणाले, "बरोबर आहे. विचार. मी थांबतो." आणि जिन्यात उभे राहिले, कारखान्याच्या गेटवर नोकरीचं पत्र मिळेपर्यंत माणसं उभी राहतात तसे. रसिकाने तुला फोन केला. तू काय म्हणालीस ते तिने सांगितलं नाही. फक्त नंबर लिहून दिला. ताई, जिन्यात मी उडीच मारली.

वर येताना पहिल्या मजल्यावर ते मला म्हणाले, "तिचं काम मला पटलेलं नाही. ते पटणार नाही. ते मी तिला सांगणार आहे." मी हो म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर म्हणाले, "पण ते ऑपरेशन झाल्यावर." आपल्या दाराशी आल्यावर म्हणाले, "काय बोलायचं ते जरा लिहून दे."

मी लिहून दिलं, फ्लेक्ससारखं स्वच्छ. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "लिहिलंयस बरोबर, पण असं मी बोलत नाही." परत दिलं.

आता ते गॅलरीत आहेत, मी इथे दिवाणावर लिहितोय. दोनदा नंबर लावून तोडला. खाली बघतायत. शर्टाचं वरचं बटण लावलं, फोनवर दिसत नाही तरी. आता परत लावला. कानाला धरला. तोडला नाही.

उचललास वाटतं.

"हॅलो," पप्पा म्हणतायत. "कोण, मानसी का? मी कोंडिराम बोलतोय, भाईंदरहून."

ताई, स्वतःच्या मुलीला स्वतःचं नाव सांगतायत.

"हां. हां, बरी आहे. नाही, तुझ्या आईचा पाय. सत्तावीसला आहे ऑपरेशन. तू ये. सुट्टी मिळेल ना? मिळत नसेल तर तुझ्या साहेबांशी मी बोलतो."

तू काय म्हणालीस ते तुला माहीत. इथे मला एवढंच दिसलं, की पप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि भिंत धरत गॅलरीत येणाऱ्या मम्मीसाठी पायाने खुर्ची ओढून घेतली.

प्रितम